दोष तुमच्या हाताचा नव्हता

सुखदेवराव,

तुमच्याकडे मृत्यूनंतरचे दिवस आमच्यासारखे मोजत नाहीत. तरी मी मोजतो आहे. आज सतरावा. गेल्या श्रावणात तुम्ही एका दोषाचे निदान केले होते आणि ते मी तीन महिने दडवून ठेवले. आधी ते सांगतो. शोकाचा अधिकार मला त्यानंतरच.

बावीस वर्षे आपण तेलीबागेत भिंतीला भिंत लागून राहिलो. मी कृष्णाकाठचा, संस्कृत शिकवण्यासाठी लखनऊला आलेला. तुम्ही भंडाऱ्याचे, रेल्वेची इंजिने दुरुस्त करण्यासाठी आलेले. गल्लीत मराठी बोलणारी घरे ही दोनच. माझ्या दारी तुळस, तुमच्या बैठकीत बुद्धमूर्ती. तुम्ही मला गुरुजी म्हणत होता, आणि शिष्यासारखे मात्र एकदाही वागला नाहीत. याबद्दल मी तुमचा ऋणी आहे; आयुष्यभर माना डोलावणारे पुष्कळ भेटले होते.

अनिरुद्धने ती गाडी आणली तो दिवस तुम्हाला आठवत असेल. बारा वर्षांची, काळी, लांबलचक विलायती गाडी. आत कातड्याच्या खुर्च्या, डोक्यावर सरकते काचेचे छत. माझा मुलगा एवढ्या ऐश्वर्यात बसणार म्हणून मी हरखलो होतो. तुम्ही गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून खाली पाहिले, बॉनेटला कान लावला आणि म्हणालात, "गुरुजी, हत्ती म्हातारा आहे. चालन, पण त्याचं ऐकावं लागन."

हत्तीने वर्षभरातच बोलायला सुरुवात केली. एखाद्या सकाळी चावी फिरवावी तर समोरचे सगळे इशाऱ्याचे दिवे एकदम पेटत. कधी गाडी एकाच गिअरमध्ये अडकून बसे. दुसऱ्या दिवशी पाहावे तर जणू काही झालेच नव्हते. शहरातल्या एका मोठ्या गॅरेजने स्कॅनर लावला, त्यावर चौदा दोष उमटले, आणि त्यांनी गिअरचा संगणकच बदलायला सांगितला. अनिरुद्ध तो कागद घेऊन तुमच्याकडे आला.

"चौदा दुखणी एकाच दिवशी नाही होत, बेटा," तुम्ही म्हणालात. "एकच दुखणं आहे, चौदा तोंडांनी बोलून राहिलं."

"तो कौन सा, चाचा?"

"ते लगेच सांगितलं असतं तर मी मशीन झालो असतो. वही आण."

त्या वहीत तुम्ही रोज गाडीची प्रकृती लिहीत गेलात: वार, ऊन की पाऊस, गाडी धुतली की नाही, दिवे पेटले की नाही. दीड महिना. तुमचे ते लिहिणे मी कुंपणाअलीकडून पाहत असे आणि मनात म्हणत असे, या गृहस्थाने न्यायशास्त्राचे पान उघडलेले नाही, पण हेतू आणि हेत्वाभास, म्हणजे खरे कारण आणि कारणाचा नुसता आभास, यांतला भेद याला माझ्यापेक्षा अधिक कळतो. हे मी तुम्हाला कधी सांगितले नाही. सांगितले असते तर तुम्ही म्हणाला असता, "मग पगारही तुमचाच द्या."

वहीने उत्तर दिले: पाणी. गाडी धुतल्याच्या किंवा पाऊस पडल्याच्या दुसऱ्या दिवशी दिवे पेटत होते. पाणी कुठून तरी आत जात होते. तुम्ही पायाखालचे गालिचे उचलून पाहिले, दारांचे रबर चाचपले, शेवटी छताच्या काचेभोवतीचे पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या बुजलेल्या सापडल्या. त्या तुम्ही स्वच्छ केल्या. मग उन्हाळा आला आणि चार महिने एकही दिवा पेटला नाही. दोष गेला असे आपण सर्वांनी मानले. तुम्हीही.

याच काळात आपला तो वाद झाला, अर्धा हसण्यावारी, अर्धा मनापासून. मी गाडीपुढे नारळ फोडत होतो. तुम्ही कुंपणावर कोपरे टेकून विचारलेत, "धूर दिसला म्हणजे आग असते, हे तुमच्याच शास्त्रात आहे ना? मग गाडी बंद पडली का नारळ कायले?"

"नारळ आगीसाठी नाही, सुखदेवराव. भीतीसाठी आहे."

तुम्ही थोडा विचार केलात. "भीतीसाठी असन तर फोडा. आगीसाठी मला बोलवा."

इतका न्याय्य तह मी दुसरा पाहिलेला नाही. तो मोडला मी.

अनिरुद्ध गाडी वेगाने चालवतो, आणि मागच्या खुर्चीवर माझी नात आर्या बसून शाळेला जाते. म्हणून गाडी आली त्या दिवसापासून मी रोज सकाळी पूजा आटोपली की गाडीवर झेंडूचे फूल आणि कुंकवाच्या ओल्या अक्षता वाहत असे. बॉनेट उतरते आहे, तिथे फूल टिकत नाही. समोरच्या काचेच्या पायथ्याशी एक काळी जाळी आहे, तिथे ते बरोबर बसे. दोन वर्षांत एकही दिवस चुकला नाही. एका सकाळी तुम्ही ते पाहिलेत आणि सहज म्हणालात, "गुरुजी, त्या जाळीखाली पोकळी आहे. फूल आतल्या बाजूला ठेवा ना."

आणि मी काय म्हणालो? "तुम्हाला आमची पूजा मान्य नाही, हे सरळ सांगा की. जाळीचे निमित्त कशाला?"

तुमचा चेहरा उतरला नाही. तुम्ही फक्त कुंपणावरचे कोपरे उचललेत. त्यानंतर तुम्ही माझ्या फुलांविषयी बोलला नाहीत, नारळावरून थट्टाही केली नाहीत. ज्या माणसाने जन्मभर यंत्राचे खरे दुखणे तोंडावर सांगितले, त्याचे तोंड मी त्या एका वाक्याने बंद केले होते. तुम्ही गाडीविषयी बोलत होता आणि मी ते धर्मावर नेले.

श्रावणात तुम्ही गाडीचे ब्रेक-पॅड बदललेत, ब्रेकचे तेल बदललेत. तिसऱ्या दिवशी, रात्रभराच्या पावसानंतर, अनिरुद्ध आर्याला शाळेत सोडायला निघाला. मला आलमबागेत काम होते म्हणून मी पुढे बसलो. मेट्रोच्या पुलाखाली सिग्नल लाल झाला. समोर एक ई-रिक्शा उभी होती, तिच्यात तीन बायका पाठीमागे तोंड करून बसलेल्या. अनिरुद्धने ब्रेकवर पाय ठेवला आणि पाय तिथेच थांबला. पेडल दगडासारखे झाले होते. तो दोन्ही पायांनी त्यावर अक्षरशः उभा राहिला. "बाबा, ब्रेक नहीं लग रहा," हे त्याने ओरडून नव्हे, कुजबुजून सांगितले. त्या बायकांपैकी एकीचे डोळे मला अजून दिसतात. मी देवाचे नाव घेतले नाही. मला ते आठवलेच नाही. अनिरुद्धने हातब्रेक ओढला, चाक डावीकडे फिरवले आणि गाडी मेट्रोच्या खांबाच्या कठड्याला जाऊन भिडली. दिवा फुटला. आर्याचा ओठ पुढच्या खुर्चीवर आपटून फाटला. तिच्या गणवेशावर रक्त पडले होते आणि ती रडत नव्हती, हे रडण्याहून भयंकर होते.

गाडी क्रेनने ओढून आणून दारात उभी केली. दुसऱ्या सकाळी तुम्ही न बोलावता आलात. अनिरुद्ध फाटकातच उभा होता.

"चाचा, रहने दीजिए. गॅरेजवाले आ रहे हैं."

"दहा मिनिटं दे, बेटा."

"तीन दिन पहले आपने ब्रेक खोला था. तीन दिन! मेरी बेटी पीछे बैठी थी."

"म्हणूनच दहा मिनिटं मागून राहिलो."

तो बाजूला झाला, पण त्याने वाट दिली ती शत्रूला द्यावी तशी. तुम्ही आत बसलात. इंजिन बंद ठेवून ब्रेकचे पेडल पाच-सहा वेळा दाबलेत, मग पाय तसाच दाबून ठेवून चावी फिरवलीत. धडधाकट गाडीत या क्षणी पेडल आपोआप किंचित खाली जाते, हे तुम्हीच मला शिकवले होते. ते गेले नाही. उलट काचेखालून चूळ भरल्यासारखा गुळगुळ आवाज आला. तुम्ही डोळे मिटून तो पुन्हा ऐकलात. पायाचा जोर वाढवणारा डबा, ज्याला तुम्ही बूस्टर म्हणत होता, त्याच्या पोटात पाणी गेले होते.

मग तुम्ही ती जाळी उचकटलीत.

खाली पोकळीत वीतभर पाणी साचले होते. बूस्टर त्यात अर्धा बुडालेला, शेजारीच गिअरच्या तारांची पेटी ओली. पाणी जायला तळाशी एक बोटभर रबरी नळी असते. तुम्ही कोपरापर्यंत हात घातलात, तळ चाचपलात, आणि मूठ बाहेर काढलीत. पाणी गळगळत खाली जाऊ लागले. मी तुमच्या अगदी जवळ होतो. तुम्ही मूठ उघडलीत. काळा लगदा. त्यात झेंडूच्या कुजलेल्या पाकळ्या, आणि फुगून एकमेकांना चिकटलेले, अजून लालसर असलेले तांदूळ. नुसत्या पाल्याने ती नळी बुजली नसती. अक्षतांनी तिला बूच बसवले होते.

तुम्ही माझ्याकडे पाहिलेत. एक श्वास घ्यावा एवढाच वेळ. तेवढा वेळ मला पुरेसा होता.

अनिरुद्ध फोनवरून वळला. "क्या निकला?"

तुम्ही मूठ मिटलीत. "पाला. नळी बुजली होती."

"नीम का?" आमच्या फाटकावर कडुनिंबाची फांदी येते.

तुम्ही हो म्हणाला नाहीत, नाही म्हणाला नाहीत. म्हणालात, "मी ही जाळी आधीच उघडून पाहायला पाहिजे होती. चूक माझी."

"मतलब आपने देखा ही नहीं था?"

"नाही पाहिलं."

चाळीस वर्षे ज्या जिभेने मुलांना सत्याची व्याख्या घोकवली, ती हलली नाही. पुष्कळ कारणे मी नंतर स्वतःला दिली: मुलगा संतापला होता, नात मला भ्यायली असती, घरातली पूजा बंद पडली असती. यातले एकही खरे नाही. खरे एवढेच की जाळीखाली पोकळी आहे हे तुम्ही सांगितले होते, मी तुमचा अपमान केला होता, आणि तुम्ही बरोबर होता हे कबूल करणे मला जमले नाही.

फाटकाशी जाता जाता तुम्ही हळूच म्हणालात, "उद्यापासून फूल स्टिअरिंगपाशी ठेवा, गुरुजी. तिथं चांगलं दिसन." बस. त्याच आठवड्यात अनिरुद्धने कडुनिंबाची फांदी तोडून घेतली. तेही मी पाहिले.

बूस्टर बदलला गेला, गाडी नीट झाली. तुमचे नाव मात्र नीट झाले नाही. अनिरुद्धने दुष्टपणाने काही केले नाही, जो विचारी त्याला तो सांगे, "चाचा की नज़र अब पहले जैसी नहीं रही." गल्लीला एवढे पुरे झाले. रविवारी तुमच्या अंगणात स्कूटर, मोटारसायकली, कुणाची ना कुणाची मारुती उभी असे. भाद्रपदात तिथे काही उभे नव्हते. तुम्ही स्टुलावर बसून एकच वर्तमानपत्र दुपारपर्यंत वाचत होता. मी कुंपणाअलीकडे तुळशीला पाणी घालत होतो आणि गरजेपेक्षा अधिक घालत होतो.

तुम्ही गेल्यावर, ज्यांनी तुमच्याबरोबर संसार केला त्या मंदाताई माझ्याकडे आल्या. "रविवारी पुण्यानुमोदन आहे. तुम्ही बोला, गुरुजी. त्याईचं तुमच्याएवढं कोणाशी जमलं नाही." मी हो म्हणालो, आणि त्यानंतरचे चार दिवस मी कसे काढले ते सांगत नाही.

भंतेजींनी पंचशील दिले. संस्कृत जाणणाऱ्याला पाली परकी नसते; खोटे न बोलण्याच्या चौथ्या शीलाचा अर्थ मला कुणी सांगावा लागत नाही. सगळे म्हणत होते, मी ओठ मिटून होतो. अनिरुद्ध मागे दाराशी हात बांधून उभा होता. माझे नाव पुकारले गेले. मी उभा राहिलो आणि तयार करून आणलेले भाषण खिशातच ठेवले.

"गाडीची नळी माझ्या अक्षतांनी बुजली होती," मी म्हणालो. "सुखदेवरावांनी मला आधी सावध केले होते, मी त्यांना टोचून बोललो. दोष सापडला तेव्हा त्यांनी माझी फुले मुठीत लपवली आणि चूक स्वतःची म्हणून सांगितली. मी शेजारी उभा होतो. गप्प राहिलो." मग तेच सगळे हिंदीत पुन्हा सांगितले, कारण ज्यांनी तुमच्याकडे यायचे सोडले ते सारे हिंदी बोलणारे होते. एकच गोष्ट दोनदा कबूल करणे अवघड असते.

मंदाताई तुमच्या तसबिरीसमोरची मेणबत्ती नीट करत होत्या. पाठ फिरवूनच त्या म्हणाल्या, "मलेही नाही बोलले ते." आणि मेणबत्ती सरळ झाल्यावर, "हे त्याईनं ऐकाले पाहिजे होतं, गुरुजी."

त्यांनी मला क्षमा केली नाही. ते योग्यच झाले.

घरी येऊन अनिरुद्ध एवढेच म्हणाला, "तीन महीने, बाबा?" आणि पायात चपला तशाच ठेवून पुन्हा बाहेर पडला. ज्या ज्या घरी तो तुमच्या नजरेविषयी बोलला होता, त्या घरांची दारे त्याने त्या संध्याकाळी वाजवली. गल्लीतले तिवारीजी तेवढे आता चिनहटला राहायला गेलेत. परवा तो मला घेऊन तिकडे गेला. त्याला बोलायचे होते आणि मी समोर असावा अशी त्याची इच्छा होती. माझ्या मुलाने मला दिलेली ही पहिली शिक्षा, आणि ती मी मान खाली घालून घेतली.

तिवारीजींनी सगळे ऐकले. चहा तसाच निवत राहिला. "मैंने तो चाचा के मुँह पर कह दिया था," ते म्हणाले. "स्कूटर देने गया था, फिर वापस ले लिया. कहा, चाचा, अब आप आराम कीजिए, जान का मामला है. बोले, ठीक कहते हो. और चाबी मेरे हाथ पर रख दी." ते अनिरुद्धकडे पाहत होते, माझ्याकडे नाही. "एक बार भी नहीं कहा कि मेरी गलती नहीं थी."

परतताना फैज़ाबाद रोडवर अनिरुद्धने गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केले.

"बाबा, चाचा ने आपसे भी कभी नहीं कहा? कि अनिरुद्ध को सच बता दीजिए? एक बार भी नहीं?"

"नाही," मी म्हणालो.

सुखदेवराव, रविवारी इतक्या लोकांसमोर उभा राहूनही परवा मी पुन्हा खोटे बोललो. दसऱ्यानंतर दोन दिवसांनी, दुपारी, पांढरा सदरा घालून तुम्ही माझ्या पायरीवर येऊन बसला होता. मिठाईचा डबा मांडीवर होता. तुम्ही विचारलेत, "अनिरुद्धचा राग गेला का?" मी म्हणालो, "केव्हाच. तो सगळे विसरला." तुम्ही डब्याचे झाकण उघडले, पुन्हा लावले. "मग एकदा तुम्हीच त्याच्याशी बोलून पाहा ना, गुरुजी. मोठं काही नाही. माणसं यायची थांबली, दिवस जात नाही." यापेक्षा अधिक तुम्ही मागू शकत नव्हता, आणि यापेक्षा कमी शब्दांत कुणी मागितलेले मी ऐकलेले नाही. मी म्हणालो, "बोलतो." तुम्ही माझ्या शब्दावर विश्वास ठेवून उठलात. पंचवीस दिवस तुम्ही वाट पाहिलीत. मग वाट पाहायला तुम्ही राहिला नाहीत.

अनिरुद्धला मराठी समजते, पण वाचताना तो अडखळतो. म्हणून आज त्याला समोर बसवून हे सगळे मी स्वतः वाचून दाखवणार आहे, या वाक्यापर्यंत.